उपकरणांची सॅक शिवण्याआधी फोमचा हिशेब

सॅक डिझाइनमध्ये नवीन असलेले बहुतेक जण आधी बाहेरचा आकार काढतात. नाजूक उपकरणांची सॅक मात्र आतून बाहेर आखावी लागते. प्रत्येक वस्तूचं वजन आणि मापं लिहा, आणि ती कोणत्या बाजूवर टेकणार तेही.

सगळ्यात जास्त चुकतं ते टेकण्याच्या बाजूचं गणित. १.८ किलोचा, ३५ × २४ सेंमीचा लॅपटॉप आडवा ठेवला तर दर चौरस सेंमीला जेमतेम २ ग्रॅम भार येतो. तोच १.६ सेंमीच्या कडेवर उभा केला की ३२ ग्रॅम! फोम दबतो तेव्हाच धक्का शोषतो. त्या कडेखाली मऊ फोम असेल तर तो पुरता चेपतो आणि लॅपटॉप थेट जमिनीवर आदळल्यासारखा होतो. उलट हलक्या सेन्सरखालचा कडक फोम दबतच नाही, सगळा हादरा सेन्सरला बसतो. म्हणून सगळीकडे एकच फोम नको. उत्पादकाकडे भार आणि धक्क्याचा आलेख असतो, तो मागून घ्या. तळाला क्लोज्ड-सेल (बंद छिद्रांचं) पॉलिइथिलीन चांगलं. ओपन-सेल (उघड्या छिद्रांचं) पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, पाणी धरतं आणि दमट हवेत पुढे त्याचा भुगा होतो. लॅपटॉपचा कप्पा तळापासून २-३ सेंमी वर लटकता ठेवा.

जड वस्तू पाठीलगत, खांद्याच्या पात्यांच्या आसपास.

शिवणीत पहिल्यांदा दगा देतो तो खांद्याच्या पट्ट्याचा जोड. बाँडेड नायलॉन दोरा (पीळ सुटू नये म्हणून लेप दिलेला) आणि ३-४ मिमीचा टाका घ्या. फार बारीक टाका मजबूत वाटतो, पण जवळजवळच्या भोकांच्या रेषेवरच कापड फाटतं. पट्ट्याच्या टोकाला चौकोन शिवून आत फुली मारा. मुख्य चेन ८ किंवा १० नंबरची कॉइल (नायलॉनच्या वेटोळ्या दातांची) असावी. ती उसवली तरी रनर मागेपुढे केल्यावर बहुधा पुन्हा बसते.

विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत. केबिनमध्येही १०० वॅट-तासांपुढे विमान कंपनीची परवानगी लागते (पॉवर बँक २०,००० एमएएचची असेल तर × ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॅट-तास). ऐनवेळी सॅक सामानकक्षात पाठवायला सांगितली तर? बॅटऱ्यांचा पाऊच वरच्या बाजूला, एका हिसक्यात निघेल असा हवा.

चाचणीला खरं उपकरण वापरू नका. त्याच मापाचा आणि वजनाचा लाकडी ठोकळा भरा आणि सॅक ७५ सेंमीवरून तळाच्या प्रत्येक कोपऱ्यावर पाडा. कोपऱ्यावर सगळा मार थोड्याशा फोमवर येतो. दुसऱ्या दिवशी फोम काढून बघा. खळगा भरून आला नसेल तर तिथली जाडी वाढवा आणि पुन्हा पाडा.