छोट्या शाळेचा पट वाढवताना

पट घसरू लागला की व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पहिला प्रस्ताव जाहिरातीचा येतो. छोट्या, स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळेने हा प्रस्ताव काही महिने बाजूला ठेवावा, असे माझे मत आहे. जाहिरात फार तर शाळेचा फोन वाजवते. तो कोण उचलतो, भेटीला आलेल्या पालकांना काय दिसते आणि प्रवेश घेतलेले मूल पुढच्या वर्षी टिकते का, यांपैकी काहीही तिच्या हाती नसते.

म्हणून सुरुवात नोंदवहीपासून करावी. मागील दोन वर्षांत किती पालकांनी चौकशी केली, त्यांपैकी किती जण शाळा पाहायला आले, किती जणांनी अर्ज भरला आणि शेवटी किती मुले वर्गात बसली, हे चार आकडे शेजारी शेजारी मांडावेत. समजा, चौकश्या 100, भेटी 30, अर्ज 20 आणि प्रवेश 16 असतील, तर शाळा पाहणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक कुटुंबे तिची निवड करत आहेत आणि खरी गळती भेटीच्या आधीच होत आहे, हे उघड दिसते. अशा वेळी आणखी 100 चौकश्या विकत आणणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणे होय. उलट, भेटी 70 आणि प्रवेश 10 असतील, तर दोष भेटीतच शोधावा लागेल. अशा नोंदी नसतील, तर आजपासून साध्या वहीत तारीख, मुलाची इयत्ता, शाळेविषयी कुठून कळले, पालकांनी नेमके काय विचारले आणि पुन्हा कधी बोलायचे, एवढे लिहायला घ्यावे.

याच वहीत शाळा सोडून जाणाऱ्यांचा हिशेबही असावा, कारण त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. 180 मुलांच्या शाळेतून दरवर्षी 18 मुले शेवटची इयत्ता पूर्ण करून आणि आणखी 18 मुले मधूनच बाहेर पडत असतील, तर पट जागच्या जागी ठेवायलाच 36 नवे प्रवेश लागतात. मधली गळती निम्म्यावर आली, तर तोच आकडा 27 होतो, आणि तोही जाहिरातीवर काही खर्च न करता. वर्गशिक्षकांनी वर्षाच्या मध्यावर, म्हणजे शाळा बदलण्याचा निर्णय होण्याआधी, प्रत्येक कुटुंबाशी निवांत बोलावे. जे जातात त्यांना कारण विचारण्याचे काम मात्र मुख्याध्यापकांनी स्वतः करू नये. त्यांना पालक बहुधा ‘घर लांब पडते’ असेच सांगतात.

यानंतर प्रश्न येतो तो सांगायचे काय, याचा. ‘सर्वांगीण विकास’ हे शब्द इतक्या शाळांच्या फलकांवर आहेत, की त्यातून कोणत्याच शाळेविषयी काही कळत नाही. छोट्या वर्गाचा दावा अधिक भक्कम आहे, परंतु तोही जपून करावा. अमेरिकेतील टेनेसी राज्यात 1985 साली सुरू होऊन चार वर्षे चाललेल्या ‘स्टार’ प्रयोगात 13 ते 17 मुलांच्या वर्गांची 22 ते 25 मुलांच्या वर्गांशी तुलना करण्यात आली आणि लहान वर्गांतील मुले वाचनात व गणितात पुढे असल्याचे दिसले. मात्र तो प्रयोग बालवाडी ते तिसरीपर्यंतचा होता. त्याचा आधार घेऊन आठवीच्या वर्गाविषयी आश्वासने देणे योग्य नाही. तसेही पालकांना आकड्यापेक्षा त्याचा परिणाम जाणून घ्यायचा असतो. गणितात अडखळलेले मूल शिक्षकाच्या किती दिवसांत लक्षात येते आणि त्यानंतर काय केले जाते, हे एका खऱ्या प्रसंगातून (अर्थात मुलाची ओळख उघड न करता) सांगितले, तर ‘वैयक्तिक लक्ष’ असे वेगळे म्हणावे लागत नाही. शाळेत मोठे मैदान किंवा विषयांचे अनेक पर्याय नसतील, तर तेही स्वतःहून सांगावे. प्रवेशानंतर अपेक्षाभंग झालेले कुटुंब वर्षभरात निघून जाते आणि जाताना चार जणांना सांगून जाते.

फोनच्या बाबतीत एक प्रयोग जरूर करावा: परिचित व्यक्तीला अनोळखी क्रमांकावरून आपल्याच शाळेत चौकशी करायला सांगावी. ‘सर जागेवर नाहीत, उद्या करा’ हे उत्तर मिळाले, तर 100 पैकी 70 कुटुंबे कुठे गेली ते समजेल. फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्याला वयाची अट, शुल्क, वेळा आणि रिकाम्या जागा ठाऊक असाव्यात, आणि बोलणे संपण्यापूर्वी भेटीचा दिवस ठरलेला असावा.

भेटीसाठी शाळा नेहमीसारखी चालू असलेला दिवस निवडावा. सजवलेल्या सभागृहातील सादरीकरणापेक्षा चालू तास दहा मिनिटे पाहणे पालकांना अधिक पटते. शाळा दाखवण्याचे काम वरच्या वर्गातील मुलांकडे द्यावे आणि त्यांना उत्तरे पाठ करायला लावू नयेत. ती अडखळतात, मध्येच हसतात, आणि म्हणूनच त्यांच्यावर विश्वास बसतो. येणाऱ्या मुलाचे नाव आधी माहीत असावे आणि त्याला पुढे शिकवणाऱ्या शिक्षकांची ओळख करून द्यावी. शुल्काची सर्व कलमे लेखी द्यावीत. दोन दिवसांत फोन करून पालकांनी भेटीत विचारलेल्या एखाद्या मुद्द्याचे उत्तर द्यावे. केवळ ‘काय ठरले?’ असे विचारणे तगाद्यासारखे वाटते.

सध्याच्या पालकांचा शब्द कोणत्याही फलकापेक्षा वजनदार असतो. नव्या पालकांची त्यांच्याशी गाठ घालून द्यावी आणि त्या वेळी शिक्षकांनी तिथे थांबू नये. नवे कुटुंब आणणाऱ्या पालकांना शुल्कात सवलत देण्याची पद्धत मला पसंत नाही, कारण ती माहीत झाली की शिफारशीवरचा विश्वास उडतो. गूगलच्या नकाशावरील नोंद विनामूल्य असते. तिच्यातील पत्ता, वेळ आणि फोन क्रमांक बरोबर ठेवावेत. तेथील अभिप्रायांच्या बदल्यात लाभ देणे गूगलच्या नियमांतही बसत नाही. प्रतिकूल अभिप्रायाला शांतपणे, मुलाचा कोणताही तपशील न देता उत्तर द्यावे. मुलांची छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीनेच वापरावीत आणि चेहऱ्यासोबत नाव छापू नये.

एवढे झाल्यावर जाहिरातीचा विचार करावा. मुले रोज ये-जा करू शकतील तेवढ्याच परिसरात, कुटुंबे शाळा शोधू लागतात त्याच्या थोडे आधी ती द्यावी, आणि चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला शाळेविषयी कुठून कळले ते विचारून वहीत नोंदवावे. ज्या माध्यमाच्या रकान्यात हंगामाअखेर चौकश्या पुष्कळ पण भेटी जवळजवळ नाहीत, त्याचा खर्च पुढच्या वर्षी थांबवावा.