लिनक्सवर ब्राउझर निवडताना या चुका टाळा

विंडोज सोडून डेबियन, उबुंटू किंवा मिंट यांपैकी एखाद्या लिनक्सवर आलेला माणूस पहिल्याच दिवशी काय करतो? सवयीचा क्रोम उतरवून घेतो. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम बदलायचे कष्ट घेतले, पण आपण काय वाचतो, काय शोधतो, कुठे थांबतो याची नोंद पूर्वी जिकडे जात होती तिकडेच जात राहिली. ओळखीच्या लोकांच्या जुन्या लॅपटॉपवर मी लिनक्स बसवून देतो. ब्राउझरच्या बाबतीत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, त्यातल्या काही मीही केल्या आहेत.

क्रोमियम खुला आहे, म्हणून खासगी आहे?

नाही. क्रोमियम हा क्रोमच्या पोटातला मूळ ब्राउझर. त्याचा कोड कुणालाही वाचता येतो हे खरं, पण गूगलच्या सेवांशी बोलणारे भाग त्यातही आहेत. तेच काढून टाकण्यासाठी ‘अनगूगल्ड क्रोमियम’ हा वेगळा प्रकल्प चालवावा लागतो. दुसरी अडचण जाहिराती आणि ट्रॅकर (तुमचा माग ठेवणारे कोड) अडवण्याची. मॅनिफेस्ट व्ही ३ हे ॲड-ऑनचे (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामचे) नवे नियम आल्यापासून जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन पूर्ण ताकदीने क्रोममध्ये चालत नाही, त्याची हलकी आवृत्तीच चालते. फायरफॉक्समध्ये मात्र ते आजही पूर्ण चालतं. माझ्या मते बहुतेकांसाठी प्रश्न इथेच सुटतो: फायरफॉक्स आणि युब्लॉक ओरिजिन.

पण फायरफॉक्स बसवला म्हणजे काम संपलं, असंही नाही. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा गूगलशी असलेल्या सर्च करारातून येतो, म्हणून बहुतेक ठिकाणी पहिलं सर्च इंजिन गूगलच असतं. जुलै २०२४ मध्ये आलेल्या १२८ व्या आवृत्तीत जाहिरातींचं मोजमाप करणारी एक सोय न विचारता चालू केलेली होती आणि त्यावरून बरीच टीका झाली. तेव्हा सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ भागात जाऊन डेटा गोळा करण्याच्या खुणा काढा आणि ‘सर्च’ भागात सर्च इंजिन बदला. टाइप करताना येणाऱ्या सूचनाही बंद करा, कारण त्या चालू असल्या की एंटर दाबण्याआधीच तुमची अक्षरं सर्च कंपनीकडे गेलेली असतात.

अपडेट कोण देणार, हे न विचारणं

ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. लोक ब्राउझर निवडताना वैशिष्ट्यांचे तक्ते बघतात, पण सुरक्षेची दुरुस्ती आपल्यापर्यंत कोण आणि किती लवकर पोचवतं, हे बघत नाहीत. भोकं न बुजवलेला ब्राउझर खासगीपण जपू शकत नाही.

डेबियनच्या स्थिर आवृत्तीत फायरफॉक्स ईएसआर (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती) मिळतो. तो जुनाट दिसतो म्हणून काही जण काढून टाकतात. वास्तविक त्यात नवी वैशिष्ट्यं उशिरा येतात, सुरक्षेच्या दुरुस्त्या येतच राहतात. उलट सॉफ्टवेअरच्या यादीत दिसणारे काही छोटे ब्राउझर पान दाखवणाऱ्या ज्या इंजिनांवर उभे असतात, त्या सगळ्यांना डेबियन सुरक्षेची हमी देत नाही. रोजच्या वापरासाठी फायरफॉक्स किंवा क्रोमियमच घ्या, असं डेबियनच्या प्रकाशन-टिपणांत स्पष्ट लिहिलेलं असतं. फायरफॉक्सपासून बनवलेले ब्राउझर घेताना मूळ फायरफॉक्सची नवी आवृत्ती आल्यावर त्यांची किती दिवसांनी येते, तेवढं महिनाभर बघा. आणि कुठल्याशा साइटवरून डेब फाइल (डेबियन-उबुंटूत सॉफ्टवेअर बसवायची फाइल) उतरवून बसवू नका. ती तुमच्या अपडेट व्यवस्थेला जोडलेली असेलच असं नाही, मग आज बसवलेली आवृत्ती वर्षभर तशीच पडून राहते.

उबुंटूत २०२२ च्या २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप या वेगळ्या पॅकेज-स्वरूपात येतो. मिंट स्वतःचं डेब पॅकेज देतं. उबुंटूवर कुणी डेबही बसवलं की एकाच संगणकावर दोन फायरफॉक्स होतात आणि मला फोन येतो, “माझे बुकमार्क गेले!” गेलेले नसतात. दोन्हींच्या प्रोफाइल (बुकमार्क, पासवर्ड वगैरेंचा साठा) वेगवेगळ्या फोल्डरात असतात, इतकंच. जुना फायरफॉक्स उघडून हेल्पमध्ये ‘मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ घ्या, तिथल्या प्रोफाइल डिरेक्टरीसमोरचं बटण दाबलं की फोल्डर सापडतं. दोन्ही ब्राउझर बंद करून त्यातलं सगळं नव्या प्रोफाइलच्या फोल्डरात नकलून घ्या. एक अडचण येऊ शकते: स्नॅपची आवृत्ती नवी आणि तुम्ही घेतलेला ईएसआर जुना असेल, तर फायरफॉक्स ते प्रोफाइल उघडायला नकार देतो. तसं झालं तर भांडत बसू नका. बुकमार्क एचटीएमएल फाइलमध्ये आणि पासवर्ड सीएसव्हीमध्ये काढून नव्यात घ्या. ती सीएसव्ही लगेच पुसा, कारण तिच्यात सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात.

ॲड-ऑनची माळ

जुने सल्ले वाचून सात-आठ ॲड-ऑन घालणारे भेटतात. त्यातल्या एचटीटीपीएस एव्हरीव्हेअरचं, म्हणजे साइटशी सुरक्षित जोडणीच घ्यायला लावण्याचं काम आता ब्राउझरमधला ‘एचटीटीपीएस-ओन्ली मोड’ करतो. कुकी (साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या नोंदी) साइटनुसार वेगळ्या ठेवणं फायरफॉक्स २०२२ पासून आपणहून करतो. अशा बऱ्याच ॲड-ऑनना तुमची सगळी पानं वाचायची परवानगी असते आणि त्यांचा मालक बदलू शकतो. २०२० मध्ये नॅनो ॲडब्लॉकर विकला गेला आणि नव्या मालकांनी त्यात वापरणाऱ्यांची माहिती बाहेर पाठवणारा कोड घातला. एक युब्लॉक ओरिजिन पुरे. नावातला ‘ओरिजिन’ शब्द नीट बघून घ्या, नुसत्या युब्लॉक नावाचं ॲड-ऑन वेगळं आहे.

इनकॉग्निटो किंवा प्रायव्हेट विंडोबद्दल थोडक्यात: ती तुमचा इतिहास घरच्यांपासून लपवते, साइटपासून किंवा इंटरनेट पुरवणाऱ्यापासून नाही.

कडक ब्राउझर दुसऱ्याला देणं

ही चूक माझी. एका शिक्षिकेच्या लॅपटॉपवर मी मोठ्या उत्साहाने लिबरवुल्फ (फायरफॉक्सपासून बनवलेला, खासगीपणासाठी कडक केलेला ब्राउझर) बसवून दिला आणि त्यात काय वेगळं आहे ते समजावून सांगितलं नाही. संध्याकाळी ५ ची बैठक त्यांच्या ऑनलाइन कॅलेंडरात सकाळी ११.३० ला दिसू लागली. ओळख पुसण्यासाठी लिबरवुल्फ साइटना ग्रिनिचची वेळ सांगतो, आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. काही दिवसांनी त्यांनी एक ऑनलाइन अर्ज भरला. फोटो आणि सही चढवली, तर तिथे नुसते रंगीत पट्टे! साइट फोटो कापताना कॅनव्हास (पानात चित्र काढायची ब्राउझरची सोय) वापरते आणि लिबरवुल्फ तिला मुद्दाम खोटी माहिती देतो. त्या पुन्हा क्रोमवर गेल्या. त्यांना साधा फायरफॉक्स दिला असता, तर त्या टिकल्या असत्या.

तुम्हाला हे झालं, तर ॲड्रेस बारमधल्या कॅनव्हासच्या खुणेवर क्लिक करून त्या एका साइटला परवानगी द्या. वेळेचा घोळ लिबरवुल्फच्या सेटिंग्जमधलं ‘रेझिस्ट फिंगरप्रिंटिंग’ (ब्राउझरच्या बारीक खुणांवरून माणूस ओळखणं अडवणारी सोय) बंद केल्यावर थांबतो, पण तेच बंद करायचं असेल तर फायरफॉक्स बरा. ब्राउझर बंद केल्यावर लॉगिन जातात, तोही बिघाड नाही. कुकी पुसणं ही तिथली मूळ सेटिंग आहे आणि ठरावीक साइटना त्यातून वगळता येतं.

फिंगरप्रिंटिंगवरून एक मराठी अडचण आठवली. ब्राउझर प्रत्येक साइटला तुमची पसंतीची भाषा सांगतो. तिथे मराठी पहिली ठेवली की तुम्ही गर्दीत वेगळे दिसता, म्हणून इंग्रजी ठेवा असा सल्ला मिळतो. मी रोजच्या ब्राउझरमध्ये मराठीच ठेवतो. कुणी मागितलीच नाही तर साइटवाले मराठी कशाला देतील? अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील तर दोष ब्राउझरचा नसून फॉन्टचा असतो. डेबियनमध्ये लोहितचं देवनागरी पॅकेज किंवा नोटो फॉन्टचं पॅकेज बसवा.

टॉर ब्राउझर रोजच्यासारखा वापरणं

ज्यांना खरोखर ओळख लपवायची आहे, त्यांच्यासाठी टॉर ब्राउझर आहे. तिथे मात्र मराठी वगैरे आवडी बाजूला ठेवाव्या लागतात, कारण सगळे एकसारखे दिसणं हाच त्याचा आधार आहे. त्यात ॲड-ऑन घालू नका, युब्लॉकसुद्धा नको. स्वतःच्या नावाच्या खात्यात लॉगिन केलं तर त्या साइटला तुम्ही कोण ते कळलंच. आणि खिडकी मोठी केल्यावर पानाभोवती रिकामा पट्टा दिसला, तर दुरुस्त करायला जाऊ नका. तुमच्या स्क्रीनचं नेमकं माप साइटला कळू नये म्हणून पानाचा आकार ठरावीक मापात बसवलेला असतो.