नवी फर्नेस घेण्याआधी: आधी डक्टचं स्टॅटिक प्रेशर मोजा, बाकी सगळं नंतर

शिकागोची उपनगरं, मिनेसोटा, मिशिगन, टोरोंटो-मिसिसागा या पट्ट्यातल्या नेहमीच्या घरासाठी ही तयारी आहे. म्हणजे खाली बेसमेंट, त्यात घर गरम करणारी गॅसची फर्नेस, आणि तिच्याच डक्टमधून (हवा नेणाऱ्या पत्र्याच्या मार्गांतून) उन्हाळ्यात एसीची हवा. मागच्या खेपेला फर्नेस बदलताना एक मोजमाप राहून गेलं आणि चांगली फर्नेससुद्धा नीट चालली नाही. ते मोजमाप स्टॅटिक प्रेशरचं, म्हणजे डक्टमध्ये हवेला होणाऱ्या अडथळ्याचं. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा त्याला दिली आहे आणि ते पुन्हा पुन्हा येईल.

फर्नेस पंधरा वर्षांच्या पुढे गेली असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच कामाला लागा. जानेवारीत उणे तापमानात ती बंद पडली की निवड तुमच्या हातात राहत नाही; गोदामात जे असेल ते घरात येतं, आणि डक्ट मोजायला कोणालाच वेळ नसतो.

आता मोजमाप. फर्नेसच्या दारामागच्या पाटीवर एक आकडा असतो, बहुतेक वेळा ०.५ इंच वॉटर कॉलम (हे दाबाचं एकक). डक्टमध्ये हवा ढकलताना आणि ओढताना ब्लोअरने, म्हणजे फर्नेसच्या पंख्याने, एकूण किती अडथळा सोसायचा, त्याची ही मर्यादा. फिल्टर, एसीची कॉइल (हवा गार करणारा भाग), दोन्ही बाजूंचे डक्ट, जाळ्या, सगळं या ०.५ मध्ये बसायला हवं. मोजायला फार काही लागत नाही. मॅनोमीटर (दाब मोजायचं यंत्र) घेऊन ३/८ इंचाची दोन भोकं पाडायची. एक रिटर्नच्या, म्हणजे घरातून परत येणाऱ्या हवेच्या बाजूला, फिल्टरच्या पुढे आणि ब्लोअरच्या आधी. दुसरं सप्लायच्या, म्हणजे खोल्यांकडे जाणाऱ्या हवेच्या बाजूला, फर्नेस आणि कॉइल यांच्या मध्ये. ब्लोअर एसीच्या वेगावर चालवायचा, स्वच्छ फिल्टर घालायचा, दोन्ही आकडे घ्यायचे आणि चिन्हं सोडून बेरीज करायची. रिटर्नला उणे ०.३८ आणि सप्लायला अधिक ०.४५ आलं तर एकूण ०.८३. अशा डक्टवर कुठलीही कंपनी, कुठलंही मॉडेल लावा, ते आयुष्यभर धापा टाकतच चालणार. भोकं स्वतः पाडू नका. आतल्या कॉइलला ड्रिल लागलं तर रेफ्रिजरंट गेलंच. कोटेशन द्यायला येणाऱ्याकडूनच मोजून घ्या. त्याच्याकडे मॅनोमीटर नसेल तर त्याचं कोटेशन घेऊ नका.

अडथळा जास्त असला की काय होतं ते समजून घ्या, म्हणजे ‘अहो, चालतं तेवढं’ या उत्तरावर समाधान होणार नाही. हवा कमी वाहते, त्यामुळे हीट एक्स्चेंजर (ज्योतीची उष्णता हवेला देणारा धातूचा भाग) तापतो. हाय-लिमिट स्विच बर्नर बंद करतो, ब्लोअर त्याला थंड करतो, बर्नर पुन्हा पेटतो. थंडीच्या एका रात्रीत हे कित्येकदा घडतं. धातू सतत ताणला-आकसला जातो आणि वेळेआधी तडकतो. हवेचं प्रमाण कायम राखणारी ईसीएम मोटर असेल तर ती हार न मानता वेग वाढवत राहते. आवाज वाढतो, वीज जास्त जाते आणि शेवटी मोटरचं मोड्यूल जळतं. ते बदलणं महाग असतं. वरच्या मजल्यावरची टोकाची खोली गार राहते ती याच कारणाने, आणि लोक मात्र त्यावर आणखी मोठी फर्नेस आणतात.

आकडा जास्त आला तर एवढ्यावर थांबू नका, अडथळा नेमका कुठे आहे ते वेगळं मोजायला सांगा. फिल्टरच्या वाट्याला ०.१ च्या वर आणि कॉइलच्या वाट्याला ०.२ च्या वर जायला नको. कॉइल खालून केसांनी-धुळीने माखलेली असेल तर आधी ती धुवून पुन्हा मोजा. फिल्टरचं गणित सोपं आहे: एक इंची फिल्टरमधून हवा मिनिटाला ३०० फुटांपेक्षा वेगाने जाऊ नये. १६×२५ चा फिल्टर म्हणजे २.७८ चौरस फूट, तो साधारण ८३० सीएफएमपर्यंतच (मिनिटाला घनफूट हवा) पुरतो. १,००० सीएफएमला २०×२५ लागतो. आपल्या घरांत रोजची फोडणी, तळण, उदबत्ती असते. तेलाचे सूक्ष्म थेंब आणि काजळी फिल्टरवर बसून तो लवकर कोंदतो. म्हणून चार इंची फिल्टरचा कॅबिनेट नव्या फर्नेसबरोबरच लावून घ्या. एक इंचाच्या खाचेत मर्व्ह १३ चा (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक गाळतो त्याचं माप) दाट फिल्टर घालून ‘हवा शुद्ध केली’ असं समजू नका. तुम्ही फर्नेसचं नाक दाबलेलं असतं.

बहुतेक घरांत दोष रिटर्नचा असतो. वर चार बेडरूम आणि रिटर्नची जाळी एकच, तीही जिन्याशी. खाली उतरणारा रिटर्न डक्ट फर्नेसला काटकोनात येऊन आदळतो. उपाय हेच: आणखी एक रिटर्न, खालचा तुकडा रुंद करणं, त्या काटकोनात वळणाच्या पट्ट्या बसवणं. हे काम फर्नेस बदलताना करणं सोपं जातं, कारण पत्रा नाहीतरी कापायचाच असतो. नंतर वेगळं करायला गेलात तर कोणी यायला तयार नसतं आणि पैसेही जास्त मोजावे लागतात. म्हणून पुन्हा सांगणं: प्रेशर आधी मोजा. फर्नेस बसल्यावर मोजून फक्त हळहळ होते.

साइझ. ‘जुनी १ लाख बीटीयूची आहे, नवी पण १ लाखाचीच घालू’ हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबवा. बीटीयू हे उष्णतेचं माप; पाटीवरचे १,००,००० बीटीयू म्हणजे तासाला आत जाणारा गॅस. जुनी ८० टक्के कार्यक्षमतेची फर्नेस घराला ८०,००० देत होती. नवी ९६ टक्केवाली ९६,००० देणार. तेवढ्याच साइझमध्ये वीस टक्के जास्त उष्णता, म्हणजे ती वाहून न्यायला वीस टक्के जास्त हवा, आणि डक्ट तेच. तापमानवाढ ५५ अंश फॅरेनहाइट धरली तर लागणारी हवा म्हणजे बीटीयू भागिले (१.०८ गुणिले ५५). ८०,००० ला साधारण १,३५० सीएफएम, ९६,००० ला १,६०० च्या वर. जे डक्ट १,३५० ला कसेबसे पुरत होते ते १,६०० ला पुरणार नाहीत. साइझचा प्रश्नही शेवटी स्टॅटिक प्रेशरपाशीच येतो.

खरी गरज मॅन्युअल जे नावाच्या हिशेबाने निघते: भिंतींचं इन्सुलेशन, खिडक्या, हवेची गळती, तुमच्या गावाचं डिझाइन तापमान (हिशेबासाठी धरलेलं कडाक्याच्या थंडीचं तापमान). कॉन्ट्रॅक्टरकडून त्याचा कागद मागा. नुसत्या चौरस फुटांवरून सांगितलेला आकडा धरू नका. पडताळा घरी करता येतो. बाहेर शून्य फॅरेनहाइटच्या आसपास असताना जुनी फर्नेस तासात एकूण किती मिनिटं पेटलेली असते ते मोजा. थर्मोस्टॅट स्थिर ठेवा, रात्री खाली-वर नको. ८०,००० देणारी फर्नेस ३६ मिनिटं चालली तर घराची गरज ४८,०००. मोजताना बाहेर १४ अंश असतील तर आलेल्या आकड्याची सव्वापट करा, कारण आत ७० धरला तर फरक ५६ चा आहे आणि तुम्हाला ७० चा हवा आहे. ४८,००० ला ६०,००० इनपुटची ९६ टक्केवाली फर्नेस ५७,६०० देते, म्हणजे गरजेच्या १.२ पट. ती भरपूर झाली. गरजेच्या १.४ पटीच्या वर जाऊ नका. हिवाळ्यात आई-बाबा भारतातून येतात, घर ७५ वर ठेवावं लागतं, म्हणून मोठी घेऊ या, असाही विचार होतो. ७० वरून ७५ म्हणजे शून्य अंशाच्या रात्री जेमतेम सात टक्के जास्त. तेवढं त्या १.२ पटीत केव्हाच बसतं.

एक मात्र बघा: लहान फर्नेस घेताना ब्लोअर एसीला पुरणारा हवा. एसीला टनामागे साधारण ४०० सीएफएम लागते, तीन टनाला १,२००. तीच ६०,००० ची फर्नेस वेगवेगळ्या ब्लोअरसह मिळते. मॉडेल नंबर नीट वाचा.

कार्यक्षमता. कॅनडात जुलै २०१९ पासून बनणाऱ्या घरगुती गॅस फर्नेसना किमान ९५ टक्के एएफयूई (वर्षभराची सरासरी कार्यक्षमता) लागतो, त्यामुळे तिथे प्रश्नच नाही. अमेरिकेत ८० टक्केवाली अजून मिळते, पण थंड प्रदेशात ९५-९६ च घ्या. ९६ वरून ९८ वर जायला मॉड्युलेटिंग (ज्योत गरजेनुसार कमी-जास्त करणारी) यंत्रणा येते, तिचे सुटे भाग महाग आणि थोड्याच ठिकाणी मिळतात. भरवशाची हवी असेल तर टू-स्टेज (कमी आणि पूर्ण अशा दोन टप्प्यांवर चालणारी) पुरे. आणि टू-स्टेज घेतली म्हणून डक्टचं मोजमाप माफ होत नाही. पहिल्या टप्प्यावर सगळं शांत वाटतं, खरी परीक्षा दुसऱ्या टप्प्यावर होते. अमेरिकेच्या केंद्र सरकारची २५सी करसवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या फर्नेसला नाही. कोणी ती वजा करून किंमत सांगत असेल तर सावध राहा. गावच्या गॅस कंपनीचा रिबेट वेगळा, तो तपासा.

८० वरून ९६ वर जाताना जी चूक जिवावर बेतू शकते ती अशी. जुनी फर्नेस आणि गॅसचा वॉटर हीटर एकाच चिमणीत धूर सोडत होते. नवी फर्नेस पीव्हीसीच्या पाइपने बाजूच्या भिंतीतून बाहेर जाते, आणि त्या मोठ्या चिमणीत एकटा वॉटर हीटर उरतो. त्याच्या थोड्याशा धुराने ती तापत नाही, ओढ कमी पडते, आत ओल धरते आणि कार्बन मोनॉक्साइड बेसमेंटमध्ये परतू शकतो. चिमणीला योग्य मापाचा लायनर (आतून बसवायची नळी) घाला किंवा वॉटर हीटरसुद्धा पॉवर-व्हेंटचा (पंख्याने धूर बाहेर टाकणारा) करा. कोटेशनमध्ये याचा उल्लेख नसेल तर विचारा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर हवाच.

पीव्हीसीचा उतार फर्नेसकडे, फुटाला पाव इंच. नाहीतर पाइपच्या खोलगट भागात पाणी साचून प्रेशर स्विच फर्नेस बंद करतो. भिंतीबाहेरचं तोंड अपेक्षित बर्फाच्या थरापेक्षा किमान बारा इंच वर. फर्नेसमधून निघणारं पाणी आम्लयुक्त असतं. ते ओतीव लोखंडाच्या नळात जात असेल तर आधी न्यूट्रलायझर (आम्ल मारणारं साधन) लावा. पाण्याची नळी गार गॅरेजमधून किंवा बाहेरच्या भिंतीलगत नेऊ नका, गोठते.

कंपनी कोणती, हा प्रश्न सगळे पहिला विचारतात. ब्रायंट आणि कॅरियर एकाच घरातले, ट्रेन आणि अमेरिकन स्टँडर्ड एकाच घरातले, तसेच गुडमन आणि अमाना, रीम आणि रूड. गॅस व्हॉल्व्ह, इग्नायटर, इंड्यूसर मोटर हे भाग बऱ्याच जणांकडे त्याच मोजक्या पुरवठादारांचे असतात. मग फरक कशाने पडतो? बसवणाऱ्याने, आणि तुमच्या गावात जानेवारीच्या शनिवारी रात्री भाग मिळतो की नाही याने. आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘कोणती चांगली’ विचारण्याऐवजी ‘डक्ट कोणी मोजले’ हे विचारा. वॉरंटीत सुट्या भागांना सहसा दहा वर्षं मिळतात, पण बहुतेक कंपन्या साठ किंवा नव्वद दिवसांत नोंदणी मागतात. नाही केली तर बऱ्याच ठिकाणी पाचच. मजुरी त्यात नसते.

कोटेशन तीन घ्या. त्यात पूर्ण मॉडेल नंबर, परमिट, लायनर, फिल्टर कॅबिनेट, रिटर्नचं काम, आणि मोजलेलं स्टॅटिक प्रेशर लेखी असावं. शेवटचं नसेल तर कोटेशन अपुरं, ते परत पाठवा.

बसवायच्या दिवशी: थर्मोस्टॅटपर्यंत सी वायर (त्याला सतत वीज देणारी तार) आहे का बघा. गॅसचं मॅनिफोल्ड प्रेशर (बर्नरला जाणाऱ्या गॅसचा दाब) नॅचरल गॅसला सहसा ३.५ इंच, पाटीशी ताडून घ्या. दहा-पंधरा मिनिटं पूर्ण टप्प्यावर चालवून सप्लाय आणि रिटर्नच्या तापमानातला फरक पाटीवरच्या पट्ट्यात, समजा ३५ ते ६५ अंश, मधोमध येतो का बघा. डक्टचे सांधे मॅस्टिकने (सांधे बुजवायच्या लेपाने) बंद. परमिटचं इन्स्पेक्शन झाल्याशिवाय शेवटचा चेक नाही.

आणि ते लोक सामान आवरायला लागायच्या आधी स्टॅटिक प्रेशर पुन्हा मोजायला लावा, नव्या फर्नेसवर, दार बंद करून. तारीख आणि दोन्ही आकडे मार्करने फर्नेसच्या पत्र्यावर लिहून घ्या. पुढच्या वर्षी सर्व्हिसला येणाऱ्याला आधी ते दाखवा आणि त्याच भोकांतून परत मोजायला सांगा.