केमोचा थकवा की डिप्रेशन? घरच्यांनी कसं ओळखायचं

आईचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो संपली, रिपोर्ट चांगले आले आणि तरी ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायची. भेटायला येणारं प्रत्येक माणूस म्हणायचं "एवढं मोठं दुखणं काढलंय, वाटणारच तसं", आणि आम्हीही तेच धरून बसलो, जवळजवळ तीन महिने. ते तीन महिने उगाच गेले याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून लिहितेय.

भूक, झोप, थकवा यावरून फारसं कळत नाही कारण केमोत ते होतंच. बघायचं ते वेगळं. नातू आला की चेहरा खुलतो का, बहिणीच्या फोनला उत्साह वाटतो का, आवडीच्या कशात मन लागतं का. नुसता थकलेला माणूस म्हणतो "आज नको, उद्या बघू", आई म्हणायची "कशाला आता?" आणि सारखं "माझ्यापायी तुमचा पैसा चाललाय, ओझं झालेय मी". असं दोन आठवडे जवळपास रोज चाललं असेल तर वाट बघू नका.

डिप्रेशन आहे का याचा अंदाज घ्यायची पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली मराठीतही आहे, मागच्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ मार्क. बेरीज १० किंवा जास्त आली तर डॉक्टरांना दाखवायचंच, निदान मात्र तेच करणार.

ओपीडीत वेळ दोन मिनिटं मिळतो आणि पेशंट "बरी आहे" म्हणून मोकळी होते, म्हणून घरी जे दिसतं ते घरूनच कागदावर लिहून फाईलच्या सगळ्यात वर लावा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायचं का विचारा (मानेला रेडिएशन झालं असेल तर थायरॉइड नक्कीच), स्टिरॉइड चालू असेल तर त्यानेही मूड आणि झोप बिघडते, आणि दुखणं कमी झालेलं नसेल तर ते आधी सांगा, कारण रात्रभर कळा मारत असताना कुणाचं मन सावरणार?

परळच्या टाटासारख्या मोठ्या हॉस्पिटलात मानसोपचार तिथेच मिळतात. बाहेरच्या सायकियाट्रिस्टकडे जाणार असाल तर सगळ्या गोळ्यांची यादी न्याच. टॅमॉक्सिफेन (ब्रेस्ट कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात ती गोळी) चालू असताना पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन या डिप्रेशनच्या गोळ्या शक्यतो टाळतात कारण त्यांनी टॅमॉक्सिफेनचा असर कमी होऊ शकतो, दुसऱ्या चालणाऱ्या गोळ्या आहेत. यातली एखादी आधीच चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. डिप्रेशनच्या गोळ्यांनी फरक दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आठ दिवसांत सोडून देऊ नका.

घरात "पॉझिटिव्ह राहा" म्हणणं आधी थांबवा, त्याने आई रडायची ते लपून रडायला लागली. त्यापेक्षा बसल्या बसल्या होणारं काम द्या, लसूण सोलणं, मेथी निवडणं, आणि संध्याकाळी झेपेल तेवढं अंगणात सोबत चाला.

"जगावंसं वाटत नाही असं मनात येतं का?" हे सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाली तर एकटं सोडू नका, झोपेच्या आणि मॉर्फिनच्या गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि तेच ९ प्रश्न एकदा स्वतःलाही विचारा, तेव्हा माझे ११ आले होते.