आर्टिकलशिपचं पहिलं वर्ष: या चुका टाळा

माझी आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठी फर्ममध्ये करायची उमेदवारी, संपून दीड वर्ष झालं होतं. रात्री साडेदहाला जुन्या ऑफिसातल्या ज्युनिअरचा फोन आला. "दादा, या फाइलमध्ये एका क्रेडिटरपुढे तू 'पार्टीशी बोललो, ओके' असं लिहिलंयस. काय बोलला होतास?" अक्षर माझंच होतं. पण कोणाशी बोललो, कशाबद्दल बोललो आणि ओके म्हणजे नक्की काय, यातलं काहीच मला सांगता येईना.

आता मी स्वतः आर्टिकल्सचं, म्हणजे अशा उमेदवारांचं, काम तपासतो आणि तीच ओळ वेगवेगळ्या अक्षरांत पुन्हा वाचतो. सीए इंटरमीडिएट परीक्षेचे दोन्ही ग्रुप सुटून मुलं येतात, त्यामुळे अभ्यास कच्चा नसतो. फक्त हे काम आपल्यानंतर कोणीतरी दुसरा उचलणार आहे, हे पहिल्या वर्षी कोणाच्या डोक्यात नसतं. खालच्या बऱ्याचशा चुका त्यातूनच होतात.

टिक मारली, बघितलं नाही

पहिल्या महिन्यात मला एका कारखान्यात व्हाउचिंगला, म्हणजे नोंदी मूळ बिलांशी ताडून बघायला, पाठवलं. दोन दिवसांत चार फाइली हिरव्या टिकांनी भरून टाकल्या आणि स्वतःवर खूश होतो. ज्यांच्या हाताखाली शिकत होतो त्या सरांनी मधूनच एक बिल काढलं आणि विचारलं, "हे कोणाच्या नावावर आहे?" ते क्लायंटच्या भावाच्या फर्मचं होतं. जीएसटी नंबरही त्याच फर्मचा. रक्कम जुळली म्हणून मी टिक मारून मोकळा झालो होतो.

रक्कम सगळ्यात शेवटी बघा. आधी नाव, मग जीएसटी नंबर, मग तारीख, म्हणजे खर्च याच वर्षाचा आहे का ते कळतं. त्यानंतर कोणत्या हेडला टाकलंय ते बघा. नवा कॉम्प्रेसर 'दुरुस्ती व देखभाल'मध्ये बसलेला मी स्वतः पाहिलाय. रोखीचं व्हाउचर असेल तर त्याच माणसाला त्याच दिवशी आणखी पैसे दिलेत का तेही तपासा. एका दिवसात एका व्यक्तीला दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिली, की तो खर्च आयकरात अडचणीत येतो. म्हणूनच नऊ हजार आठशेची दोन व्हाउचर पाठोपाठ दिसली की थांबायचं.

फरक सापडत नाही म्हणून तास घालवणं

पार्टीचा, म्हणजे क्लायंट ज्याच्याशी व्यवहार करतो त्याचा, खातेउतारा आणि आपल्या क्लायंटचं लेजर (खातं) जुळत नाही. मग नवा मुलगा पहिल्या ओळीपासून एकेक नोंद ताडायला बसतो आणि दुपारचं जेवण विसरतो. त्याआधी फरकाच्या आकड्याकडे नीट बघा.

फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर बहुतेक आकड्यांची अदलाबदल झालेली असते. ६४,२०० च्या जागी ६२,४०० पडले, तर फरक १,८०० चा. फरक सम असेल तर त्याचा निम्मा आकडा लेजरमध्ये शोधा. २५,००० चा फरक असताना १२,५०० ची नोंद सापडली, तर ती नावे-जमा उलटी पडलेली असण्याची दाट शक्यता. फरक एखाद्या बिलाइतकाच असेल तर बिल सुटलंय किंवा दोनदा चढलंय.

आणि या सगळ्याच्याही आधी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणता कालावधी लावलाय ते बघा. ऑल्ट आणि एफ२ दाबून वर्ष पूर्ण करा. एप्रिल ते जूनचंच लेजर उघडून मार्चचा फरक शोधणारे दर वर्षी निदान दोघं तरी भेटतात. मीही त्यांच्यातलाच.

'ओके आहे' अशी नोंद

ऑडिटच्या मानकांत एसए २३० हे कागदपत्रांसाठीच आहे. त्याचा गाभा असा, की या ऑडिटशी संबंध नसलेल्या अनुभवी ऑडिटरला नुसती फाइल वाचून काय तपासलं, काय सापडलं आणि निष्कर्ष कसा काढला हे कळलं पाहिजे. अहवालाच्या तारखेनंतर साधारण ६० दिवसांत फाइल लावून पूर्ण करायची असते आणि पुढे सात वर्षं जपायची असते. सात वर्षांत तुम्ही कुठे असाल देव जाणे, फाइल कपाटातच असेल.

म्हणून नोंद अशी करा: '१४ ऑगस्ट. फरक माल परतीचा आहे असं क्लायंटच्या अकाउंटंटनी सांगितलं. क्रेडिट नोट अजून पाहिलेली नाही, मागितली आहे.' यात काम अर्धवट आहे हे सरळ दिसतं. दिसू द्या. अर्धवट राहिलेलं काम पूर्ण झाल्यासारखं लिहिणं जास्त महागात पडतं.

क्लायंटकडच्या काकांना धारेवर धरणं

क्लायंटचे अकाउंटंट अनेकदा पंचावन्न-साठीचे असतात. ऑफिसात सगळे त्यांना काका म्हणतात आणि त्यांना कुठल्या कपाटात काय आहे ते तोंडपाठ असतं. आपण लॅपटॉपची बॅग लटकवून जायचं आणि धाड पडल्यासारखे प्रश्न विचारायचे, हे चालत नाही. महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस (पैसे देताना कापून घेतलेला कर) भरायचा असतो, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील देणारं जीएसटी रिटर्न) आणि २० ला ३बी (कर भरायचं जीएसटी रिटर्न). त्या दिवशी जाऊन जुनी बिलं मागितली तर काका चहा पाजतील, पण फाइल देणार नाहीत. काय काय हवंय त्याची एकच यादी आदल्या दिवशी पाठवा. व्हॉट्सअॅपवर तेरा वेगवेगळे मेसेज नकोत.

वर्षाचा घोळ

चलन भरताना वर्ष चुकणं ही जुनीच चूक, पण सध्या तिला नवी फोडणी मिळालीय. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि त्यात 'कर वर्ष' ही संज्ञा आली. जुन्या पद्धतीत २०२५-२६ च्या उत्पन्नाचं आकारणी वर्ष २०२६-२७. नव्या कायद्याचं पहिलं कर वर्षही २०२६-२७ च, पण ते त्याच वर्षाच्या उत्पन्नाचं. आकडे तेच, अर्थ वेगळा. पैसे कुठल्या वर्षाच्या उत्पन्नाचे आहेत ते आधी कागदावर लिहा आणि मगच पोर्टल उघडा. १९६१ च्या कायद्यातली कलमं घोकून आलेल्यांनी जुन्या-नव्या कलमांचा तक्ता टेबलाच्या काचेखाली ठेवायला हरकत नाही. आमच्या ऑफिसात पार्टनरही तेच करतात.

चूक झाल्यावर गप्प बसणं

३बी सुधारून पुन्हा भरता येत नाही. आयजीएसटीचा (परराज्यातल्या व्यवहारावरचा जीएसटी) आकडा सीजीएसटीच्या (राज्यातल्या व्यवहारावरचा केंद्राचा वाटा) रकान्यात गेला आणि रिटर्न दाखल झालं, तर वाट पुढच्या रिटर्नमधूनच काढावी लागते. ही वाट वेळेत कळलं तर सोपी असते. म्हणून त्याच तासाला सरांकडे जा आणि तीन गोष्टी घेऊन जा: काय चुकलं, किती रकमेचं, क्लायंटला कळवलंय का. 'सर, एक छोटा प्रॉब्लेम झालाय' एवढंच म्हणून दारात उभं राहू नका. बोलणी बसतील. पण तीच चूक वार्षिक रिटर्नच्या वेळी दुसऱ्या कोणी शोधून काढली, तर त्यापेक्षा बरीच जास्त बसतील.

थोडक्यात काही

क्लायंटचे पासवर्ड आणि डिजिटल सिग्नेचरचं टोकन स्वतःच्या बॅगेत फिरवू नका. घरच्या जेवणाच्या ताटावर क्लायंटच्या उलाढालीची चर्चाही नको. गोपनीयता मोडली तर चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याखाली ते गैरवर्तन ठरतं आणि जाब सरांना द्यावा लागतो.

आर्टिकलशिपच्या नोंदणीचा फॉर्म १०३ रुजू झाल्यापासून तीस दिवसांच्या आत भरला गेलाय का, हे स्वतः विचारा. ऑफिस भरेलच असं धरून बसू नका.

'सुट्टीत अभ्यास करू' हा बेत सोडा. सीए अभ्यासक्रमाच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप दोन वर्षांची आणि रजा वर्षाला बारा. त्यानंतर फायनलआधी सहा महिने मिळतात खरे, पण जे प्रत्यक्ष हाताखालून गेलंय तेच तेव्हा लवकर वाचून होतं. कागदोपत्री हजेरी लावून घरी बसणाऱ्यांचं तिथेच अडतं. इंटरव्ह्यूत 'बँक रिकन्सिलिएशन (बँकेचा उतारा आणि वहीचा मेळ) कसं केलंत?' एवढं विचारलं तरी पुरतं.

आणि ऑफिस सोडताना प्रत्येक क्लायंटचं एक पान लिहून ठेवा: काय झालं, काय राहिलं, कोणाला फोन करायचा, काकांना कधी गाठायचं. मी ते लिहिलं असतं, तर त्या रात्री साडेदहाला ज्युनिअरला मला उठवावं लागलं नसतं.