ताईला शनिवारचे तीन तास कसे द्यायचे

माझा भाचा २७ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे, मोजकेच शब्द बोलतो. ताई ६१ची, दाजी ६६चे. "काही लागलं तर सांग गं," असं मी कितीतरी वर्षं म्हणत आले आणि ताईने एकदाही काही मागितलं नाही. तिचा गुडघा दोन वर्षं दुखतोय आणि साधा एक्स-रे काढायला तिला सवड झाली नाही, हे कळलं तेव्हा मी ते वाक्य सोडलं. अशा घराला हातभार लावायचा तर वार आणि वेळ आपणच ठरवून सांगा. मी शनिवार घेतला, दुपारी ३ ते ६.

पहिल्याच शनिवारी आईवडिलांना बाहेर पाठवू नका. दीड महिना मी नुसती जाऊन बसायचे. भाचा स्टीलच्या वाट्या पुसून लहानमोठ्या क्रमाने फळीवर लावतो, मध्ये कुणी हात घातलेला त्याला चालत नाही. कानांवर हात ठेवून डुलायला लागला की मिक्सर, टीव्ही बंद करायचा, आपण गप्प व्हायचं, अंगाला हात लावायचा नाही, पण खोलीतून उठूनही जायचं नाही. हे ताईने सांगितलं नव्हतं. तिला ते इतकं अंगवळणी पडलंय की सांगायचं सुचतच नाही. म्हणून बघा आणि लिहून ठेवा: औषधं, खाणं, कशाने बिथरतो, कशाने शांत होतो. आमची वही फ्रिजवर असते.

आता आम्ही दोघं मिरज जंक्शनवर गाड्या बघायला जातो. कोल्हापूर, पुणे, बेळगाव, पंढरपूर, सगळीकडच्या गाड्या तिथे येतात. १० रुपयांचं फलाट तिकीट, ठरलेला बाक. निघण्याआधी मी कागदावर चार चित्रं काढते: रिक्षा, बाक, गाडी, घर. तो एकेकावर बोट ठेवतो आणि मगच चप्पल घालतो. एकदा मला वीस मिनिटं उशीर झाला. तो दारातच उभा होता, मनगटावर स्वतःच्या दातांचे वळ. तेव्हापासून जमणार नसेल तर मी आदल्या दिवशी कळवते आणि ताई कॅलेंडरवर फुली मारून त्याला दाखवते.

त्या वेळात ताईने काय करावं, हे आपण सुचवायचं नाही. पहिले कित्येक शनिवार ती फक्त झोपली. एक्स-रे त्यानंतर झाला.

दाजींशी वेगळं बोला. एकदा जिन्यात त्यांनी विचारलं, "आमच्या माघारी याचं कसं?" अशा वेळी "देव आहे" म्हणू नका, त्यांच्याबरोबर कागद काढून बसा. मूल १८ वर्षांचं झालं की आईवडिलांची सही आपोआप चालत नाही, हे आम्हाला बँकेच्या खिडकीशी दोन खेपा घालून कळलं. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. याच न्यासाची 'निरामय' ही वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, त्यात थेरपीचा खर्चही धरतात. नूतनीकरणाची तारीख तुम्ही लक्षात ठेवा, तेवढंच एक ओझं त्यांच्या डोक्यावरून उतरेल.

पालक म्हणून ताईचं नाव लागलंय. तिच्यानंतर कोण, ते वहीच्या शेवटच्या पानावर आहे: आधी मी, मग माझी मुलगी. मुलीचं नाव लिहिण्याआधी तिला विचारलं, आणि तेव्हापासून महिन्यातला एक शनिवार तिचा असतो.