सामाजिक समस्येचा अभ्यास कसा करावा : गोव्यातील उदाहरणांसह काही मूलभूत संकल्पना

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी गावातील एखादी समस्या निवडायला सांगितली की अहवाल बहुधा ठरलेल्या वाटेने जातो: आधी व्याख्या, मग कारणांची यादी, मग परिणाम, शेवटी उपाय. या मांडणीत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारायचाच राहतो, तो म्हणजे ही परिस्थिती समस्या आहे असे प्रथम कोणी म्हटले, केव्हा म्हटले आणि कोणासमोर म्हटले. पुढील सर्व संकल्पना याच प्रश्नाचा पाठपुरावा करण्यासाठी आहेत.

पहिले काम परिस्थिती आणि तिच्याविषयीचा निवाडा वेगळे करण्याचे आहे. रिचर्ड फुलर आणि रिचर्ड मायर्स या अमेरिकन अभ्यासकांनी 1941 मध्ये असे मांडले की, प्रत्येक सामाजिक समस्येला एक वस्तुनिष्ठ बाजू असते आणि एक व्यक्तिनिष्ठ. मोजता येणारी परिस्थिती असल्याशिवाय समस्या नाही, आणि ती परिस्थिती आपल्या मूल्यांना बाधक आहे असे लोकांना वाटल्याशिवायही नाही. गोव्याच्या खाणपट्ट्यात हे स्पष्ट दिसते. चीनची मागणी वाढल्यावर कमी प्रतीच्या लोहखनिजालाही भाव आला, डिचोली आणि सावर्डे-कुडचडे परिसरातील रस्त्यांवर ट्रकांच्या रांगा लागल्या, घरांवर धूळ बसू लागली आणि पावसाळ्यात खाणीची माती भातशेतीत उतरू लागली. ही झाली परिस्थिती. ज्याची शेती बुजली त्याच्या दृष्टीने ती समस्या होती, तर कर्ज काढून ट्रक घेतलेल्या शेजाऱ्याच्या दृष्टीने तेच उपजीविकेचे साधन होते. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवले, तेव्हा धूळ उडायची थांबली. मात्र त्याच गावांत ‘खाणबंदी’ हीच नवी समस्या म्हणून उभी राहिली. अभ्यासकाने यातील एक समस्या खरी आणि दुसरी खोटी असे आधीच ठरवू नये. दोन्हींच्या मागे कोणी काय गमावले आहे, हे स्वतंत्रपणे नोंदवावे.

दुसरी पायरी सी. राइट मिल्स यांनी 1959 मध्ये दाखवली. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर ती त्याची व्यक्तिगत अडचण आहे आणि तिचे उत्तर त्याच्या स्वभावात, कौशल्यात किंवा संधीत शोधता येते. परंतु पाच कोटी कामकऱ्यांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर तो सार्वजनिक प्रश्न आहे आणि उत्तर संधींच्या रचनेतच शोधावे लागते. एखाद्या ट्रकमालकाने हप्ते थकवले, तर लोक त्याच्या खर्चिकपणाची चर्चा करतील. तालुक्यातील ट्रक एकाच वेळी अंगणात उभे राहतात, तेव्हा ती चर्चा अपुरी ठरते. तेथे एकाच निर्यातप्रधान उद्योगावर अवलंबून असलेली अर्थव्यवस्था, बँकांनी दिलेली कर्जे आणि खाणींच्या भाडेपट्ट्यांच्या नूतनीकरणाचे धोरण यांचा विचार करावा लागतो. म्हणून मुलाखत घेताना ‘तुमच्यावर ही वेळ कशी आली’ या प्रश्नापाठोपाठ ‘वाड्यावर आणखी कोणावर आली’ हा प्रश्न अवश्य विचारावा.

तिसरी संकल्पना, माझ्या मते सर्वांत उपयोगी, ती दावे मांडण्याची. माल्कम स्पेक्टर आणि जॉन किट्सुस यांनी 1977 मध्ये असा आग्रह धरला की, सामाजिक समस्या म्हणजे परिस्थिती नव्हे, तर परिस्थितीविषयी तक्रार आणि मागणी करणाऱ्या गटांची कृती. या दृष्टीने काम करायचे असेल, तर ग्रामसभेची इतिवृत्ते, विधानसभेतील प्रश्नोत्तरे, न्यायालयातील याचिका आणि मराठी, कोंकणी व इंग्रजी वृत्तपत्रांचे जुने अंक शेजारी ठेवून वाचावेत, कारण एकच घटना या ठिकाणी वेगवेगळ्या रूपांत भेटते. प्रत्येक दाव्याविषयी लिहावे: दावेदार कोण, पुरावा कोणता, दोष कोणावर आणि उपाय कोणाकडून अपेक्षित. खाणीचा प्रश्न ‘पर्यावरणाचा’ म्हणून मांडला की निर्बंध हे उत्तर येते, ‘बेकायदा उत्खननाचा’ म्हणून मांडला की वसुली आणि खटले येतात, आणि ‘रोजगाराचा’ म्हणून मांडला की खाणी पुन्हा सुरू करणे हेच उत्तर दिसू लागते. यानंतर कोणाचा आवाज एकाही कागदावर नाही, हेही शोधावे; खाणीवर राबणारे परप्रांतीय मजूर किंवा दुरून पाणी भरणाऱ्या स्त्रिया अशा नोंदींत क्वचितच आढळतात.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. समस्या घडवली जाते याचा अर्थ ती बनावट असते, असा मुळीच नाही. फुप्फुसात जाणारी धूळ कोणी तक्रार केली नाही तरी जातेच, आणि हे विसरणारा अभ्यास कितीही चतुर असला तरी अपुरा असतो.

दाव्याचा पुढील प्रवास समजून घेण्यासाठी हर्बर्ट ब्लूमर यांनी 1971 मध्ये सांगितलेले टप्पे वापरावेत: प्रश्न उद्भवणे, त्याला मान्यता मिळणे, कृतीसाठी लोक एकवटणे, अधिकृत योजना आखली जाणे आणि अंमलबजावणीत त्या योजनेचे रूप पालटणे. रापणकरांचे, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांचे, आंदोलन हे याचे उत्तम उदाहरण आहे. यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यालगत मासेमारी करू लागल्यावर सत्तरच्या दशकात हे मच्छीमार संघटित झाले, माथानी साल्ढाणा यांच्यासारखे नेते पुढे आले आणि 1980 मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. अनेक अहवाल कायद्यापाशी थांबतात. खरा अभ्यास तेथून पुढे, पाचव्या टप्प्यात आहे: गस्त कोण घालते, दंड कोणाला होतो, आणि तंत्र बदलून एलईडी दिव्यांची मासेमारी आल्यावर जुना नियम किती पुरतो.

ज्यांविषयी गोंगाट नाही, त्या प्रश्नांसाठी रॉबर्ट मर्टन यांची सुप्त समस्येची कल्पना आहे: हानी होत असते, पण तिला समस्या म्हणून ओळख मिळालेली नसते. खाजन शेतीचे, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीचे, बांध पाहावेत. पूर्वी कोमुनिदाद, म्हणजे गावची सामूहिक जमीन सांभाळणाऱ्या पारंपरिक संस्था, त्यांची देखरेख करीत. 1964 च्या कूळ कायद्यानंतर ती कूळ संघांकडे आली. कुळाला न्याय देणाऱ्या या सुधारणेनंतरही जेथे बांध दुर्लक्षित राहिले, तेथे खारे पाणी शेतात शिरले. मोर्चा निघावा इतक्या एकाएकी मात्र ते घडले नाही.

आकडे वापरताना ते कसे तयार होतात हे तपासावे. पोलिसांची आकडेवारी नोंदवलेल्या गुन्ह्यांची असते, घडलेल्या सर्व गुन्ह्यांची नव्हे. हॉवर्ड बेकर यांनी 1963 मध्ये दाखवल्याप्रमाणे नियम कोण करतो आणि शिक्का कोणावर बसतो यावरही अशा नोंदी ठरतात. ‘बाहेरच्यांमुळे गुन्हे वाढले’ हे वाक्य अहवालात लिहिण्यापूर्वी कोणाच्या वस्तीत गस्त अधिक आहे, हे विचारून घ्यावे.

विषयाचे शीर्षक सर्व नोंदी झाल्यावर ठरवावे आणि त्यात स्थळ, काळ व दावेदार तिन्ही यावेत. ‘गोव्यातील खाण समस्या’ असे लिहिण्याऐवजी ‘2012 ते 2018 या काळात डिचोली तालुक्यातील ट्रकमालक व शेतकरी यांनी खाणप्रश्न कसा मांडला’ असे लिहिल्यास कोणाला भेटायचे आणि कोणते कागद मागायचे, हे त्या शीर्षकावरूनच कळते.